जहाज कुठंच थांबत नाही तो दिवस

छोटे,

परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, मधल्या दिवशी जहाज कुठंच थांबत नाही म्हणतात. मग त्या दिवसाचे पैसे कमी लागतात का?" मी हसले, पण प्रश्न तुझा व्यवहाराचा होता. नाही गं, कमी लागत नाहीत. आणि मला विचारशील तर सगळ्या सहलीचे पैसे फिटतात ते त्याच दिवशी. हे फोनवर सांगायला गेले असते तर मागून तुझ्या आत्याबाईंची हाक, समोर ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई आणि मधनंमधनं तुझं "हां, हां" चालू राहिलं असतं. म्हणून लिहून धाडतेय. दुपारी मशीन बंद कर आणि निवांत वाच.

तू लक्षद्वीपची फेरी धरलीस ते बरं केलंस. मुंबईहून गोव्याला जहाज एका रात्रीत जातं, डोळे उघडले की उतरायची घाई. गोवा आपल्याला रेल्वेनंही बघता येईल. लक्षद्वीपच्या चार रात्रींत पहिल्या संध्याकाळी निघायचं, दुसरा दिवस अख्खा समुद्रात, तिसऱ्या दिवशी बेट, चौथा परत समुद्रात आणि पाचव्या दिवशी मुंबई. कार्यक्रमाच्या कागदावर त्या दोन दिवसांपुढं नुसतं 'ॲट सी' लिहिलेलं असतं. गावाचं नाव नाही, बघायच्या जागा नाहीत. आपल्या माणसांचा जीव तिथंच खालीवर होतो. सहल म्हटलं की आपल्याला अष्टविनायक ठाऊक: पहाटे चारला आंघोळी, दर्शनाची रांग, जेवण उरकलं न उरकलं की परत गाडीत. बघितलं किती ते मोजायचं आणि घरी येऊन दोन दिवस पाय चेपायचे. त्या सवयीनं समुद्रावर गेलीस तर फसशील.

जहाजाचंही थोडं सांगते, म्हणजे आमचे पाहुणे, तुझे अहो, शंका काढतील तेव्हा तुला उत्तर देता येईल. आम्ही गेलो ते 'एम्प्रेस'. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, बरीच वर्षं अमेरिकेकडं चाललं आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनी ते मुंबईहून चालवू लागली. दोनशे मीटरच्या वर लांबी आणि अकरा मजले. साल ऐकून नाक मुरडू नकोस, मात्र खोल्या लहान आहेत हे मनाशी धरूनच जा. बाल्कनीच्या खोलीचा मोह होईल. पण बाल्कन्या वरच्या मजल्यांवर असतात आणि जहाज जितकं वर तितकं जास्त हलतं. तुझ्या सासूसासऱ्यांना, आत्याबाई-मामंजींना, खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध येणारी खिडकीची खोली मागून घे. तुम्हा दोघांना आणि पोरांना बिनखिडकीची चालते. दिवसभर खोलीत थांबतंय कोण?

मुंबईला आदल्या दिवशीच पोच. लातूर-मुंबई एक्स्प्रेस धाराशिवला रात्री धरली की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीनं अगदी जवळ. तरी त्याच दिवसाच्या गाडीवर भिस्त ठेवू नकोस. गाडीला उशीर झाला तर एसटीचा कंडक्टर दोन मिनिटं थांबेल, जहाज थांबत नाही. काकांकडं डोंबिवलीला एक रात्र काढा, काकू वाटच बघत असतात.

आता भीतीचं आधी बोलून घेऊ. तुझ्या जावेचं माहेर कोकणातलं, ती 'रामदास'चा विषय काढणारच. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडं निघालेली ती बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्याची सल अजून आहे, तिच्या बोलण्याला हसू नकोस. फक्त एवढं सांग, की मुंबईकडचा क्रूझचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा कुणी फुकट नेलं तरी तू जाऊ नकोस. दुसरं, जहाजावर चढल्यावर सगळ्यांना कवायतीला बोलावतात. लाइफ जॅकेट कुठं आहे, संकट आलं तर कुठं जमायचं, हे दाखवतात. सात आखूड भोंगे आणि मग एक लांब, ही धोक्याची खूण. ही कवायत कंटाळवाणी वाटते, पण त्यामागं मोठी किंमत मोजलेली आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला घासून कलंडलं. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी नाहीतर सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. पाहुणे तिथं मोबाइलवर व्हिडिओ काढत बसतील. कोपर मार.

तिसरी भीती बोट लागायची. तुला बार्शीच्या एसटीतही पुढची सीट लागते, म्हणून सांगते. कानाच्या आतल्या भागाला हालचाल कळत असते आणि डोळ्यांना खोलीची भिंत जागच्या जागी दिसते. दोघांचं पटत नाही, मग पोटात ढवळतं. म्हणून मळमळलं की खोलीत पडून मोबाइल बघायचा नाही. वर मोकळ्यावर यायचं आणि लांब, जिथं पाणी नि आभाळ मिळतं तिथं बघत राहायचं. गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही, आणि तिनं झोप येते हेही लक्षात ठेव. आलेपाक जवळ ठेव. उपाशी राहू नकोस. एवढी मोठी जहाजं तशी फार हलत नाहीत, पाण्याखाली दोन्ही बाजूंना पाती असतात, ती डोलणं आवरतात. आपल्या आईला काही झालं नाही. आमच्या ह्यांना झालं आणि ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय.

आता त्या दिवसाचं.

आम्ही आई आणि माझ्या सासूबाई दोघींनाही नेलं होतं. एकाच खोलीत दोन विहिणी! मला निघायच्या आधीपासून धास्ती. तुला माहितीये त्या दोघींचं. भांडण कधी नाही, पण मोकळेपणाही नाही. सासूबाई आईकडं येडशीला आल्या की आई चुलीपाशी, आई आमच्याकडं पुण्याला आली की सासूबाई ओट्यापाशी. बसायला आलेल्या बाईला पाटावर बसवायचं, ओटी भरायची, "काहीच घेतलं नाही तुम्ही" म्हणायचं, की झाली भेट. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघी रिकाम्या हातानं समोरासमोर बसल्यात असं मी बघितलेलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटेच दोघी उठल्या, सवयीनं. उठून करायचं काय? झाडायचं नाही, दूध तापवायचं नाही, पाणी भरायचं नाही. मी त्यांना वरच्या डेकवर नेऊन दोन आरामखुर्च्यांवर बसवलं. आई नऊवारीत, डोक्याला मफलर. सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून पिनेनं अडकवलेला, कारण वारा पदर ठेवूच देत नव्हता. आरामखुर्चीवर टेकून बसायचं असतं हे दोघींना मान्य नव्हतं. कडेला ताठ बसल्या, एसटीच्या स्टँडवर बसतात तशा. वेटर चहा घेऊन आला तर आई ट्रे घ्यायला उठली. त्यानं "बसा मावशी" म्हटलं, तो नगरकडचाच निघाला. आई बसली, पण कप हातात घेऊन सासूबाईंना म्हणते, "घ्या की तुम्ही आधी." सासूबाई म्हणाल्या, "आता हितं कोण पाहुणं नि कोण यजमान, विहीणबाई!"

मी पलीकडं बसले होते, पोरं झोपलेली. पाण्याचा रंग बघत होते. मुंबईतून निघताना ते गढूळ होतं, चहाच्याच रंगाचं म्हण. रात्रभर चालून सकाळी निळं झालेलं, आणि दुपारपर्यंत असं गडद की दौतीत बोट बुडवावं. नद्यांचा गाळ किनाऱ्यापाशीच राहतो, पुढं पाणी खोल आणि स्वच्छ, म्हणून तसं दिसतं. मधेच आईनं हात केला, "पाखरं बघ, पाण्यातून निघाली." पाखरं नव्हती, मासे होते. उडणारे मासे. जहाजाच्या धक्क्यानं पाण्यातून उसळी घेतात, पंखांसारखे पर ताणून पाण्याला लागून लांबवर तरंगत जातात आणि परत आत. उन्हात चकाकतात. दोघी कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथून परत आल्या तेव्हा खुर्चीवर चक्क टेकून बसल्या.

मग बोलणं सुरू झालं. बहात्तरच्या दुष्काळावर कसं आलं, ते कळलं नाही. आई खडी फोडायला जात होती हे आपल्याला माहीत आहे. पण सासूबाईही जात होत्या! त्यांच्या बाजूला तलावाचं काम निघालं होतं, त्या पाट्या वाहायच्या. कामावर मिळणारी सुकडी, ती तांबडी मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला चवच नसायची, हातोडीनं सोललेली बोटं. एक सांगायची, दुसरी "अगदी अगदी" म्हणायची. सासूबाईंनी हे त्यांच्या मुलालाही कधी सांगितलेलं नव्हतं. पुण्याच्या घरात कुणी विचारलंच नाही आणि त्यांना कामातून बसायला मिळालं नाही. दहा वाजून गेले तरी दोघी नाश्त्याला उठेनात. मीच ताट भरून तिथं नेलं.

दुपारी आईनं मला बाथरूममध्ये बोलावलं. नळ दाखवून विचारते, "हे गोडं पाणी एवढं आणतात कुठनं?" तिला वाटलं मुंबईचं भरून घेतलं असेल. काही भरून घेतातही, पण मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्याचंच गोडं पाणी करतात. इंजिनाच्या उष्णतेवर कमी दाबात ते उकळवून वाफ धरतात, किंवा बारीक पडद्यांतून जोरानं दाबून मीठ मागं ठेवतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नळ एवढा आवळून बंद केला, की नंतर तो मला उघडेना. का ते तुला कळेल. तू तेव्हा येडशीतच होतीस, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आपल्या येडशीवरूनच. पहिल्या गाडीला दहा डबे आणि पाच लाख लिटर पाणी. लातूरचं पाणी आपल्या डोळ्यांसमोरून जात होतं आणि आपल्या वाड्यात टँकरची वाट बघत घागरी मांडलेल्या. चहूकडं पाणीच पाणी आणि तेही करून घ्यावं लागतं, हे आईला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं नवल वाटलं. डान्सबिन्स तिला काही वाटलं नाही.

आता तुझ्याकडं येते, कारण मला भीती तुझीच आहे. समुद्राची नाही. तू तिथंही वाढायला उभी राहशील. बुफेच्या रांगेत मामंजींचं ताट, मग आत्याबाईंचं, मग पोरांचं, आणि तू जेवायला बसशील तेव्हा पोरं आइस्क्रीम मागत असतील. हे निघायच्या आधी पाहुण्यांशी बोलून ठेव. त्यांच्यासमोर नव्हे, एकट्यांशी. मामंजींचं ताट ते आणतील, पोरांवर एका वेळी एकानंच नजर ठेवायची. जेवणात तुमच्या घरचं अडणार नाही, शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं. ज्वारीची भाकरी मात्र रोज मिळेल अशी आशा धरू नकोस. शेंगाचटणीची पुडी नेऊ का विचारलंस, तर बाहेरचं खाणं नेऊ देतात का ते बुकिंग करतानाच विचार. लपवून नेऊ नकोस, तपासणी विमानतळासारखीच असते. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली तर मुळीच नको, आगीच्या भयानं काढून घेतात.

लहान मुलांसाठी वेगळी खेळायची जागा असते, तिथं सांभाळायला माणसं असतात. "माझी पोरं परक्यांकडं राहत नाहीत" म्हणू नकोस. आपल्या पोराला सकाळी सोडलं तर दुपारी न्यायला गेल्यावर त्यानं मलाच "तू कशाला आलीस?" म्हटलं.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांचा कागद आदल्या संध्याकाळी खोलीत येतो. हाउजी, झुंबा, जादूचे प्रयोग, गाणी, भलीमोठी यादी. पाहुणे पेन घेऊन त्यावर खुणा करतील, पैसे वसूल व्हायला नकोत का! करू देत. तू फक्त रात्रीचा एखादा खेळ बघ, आणि बाकीचा दिवस त्या कागदाकडं पाठ फिरवून बस. लायब्ररीतलं पुस्तक नको, रील नको, विणकामही नको. तू म्हणशील, हात गप्प राहत नाहीत. पहिला तासभर नाही राहत, तरी जागचं हलू नकोस. आपल्या रामलिंगच्या अभयारण्यात तो वाघ आला बघ, २०२४ च्या अखेरीस, यवतमाळच्या टिपेश्वरहून कित्येक जिल्हे ओलांडून. एवढं चालून आला आणि आपल्या घाटात राहिला. वन खातं मागं लागलं तरी जायचं नाव घेईना. तेवढं निगरगट्ट व्हावं माणसानं.

फोनचं ऐक. किनारा सुटला की रेंज जाते. मग कधी कधी जहाजावरच्या उपग्रहाचं नेटवर्क पकडतं आणि त्याचं बिल असं येतं की चार महिने रिचार्ज करता येईल. जहाज सुटलं की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाक. ब्लाउजवाल्या बायकांना आधीच सांगून ठेव, आणि नणंदेला तर नक्की सांग, फोन लागला नाही म्हणून तिनं पोलिसात जाऊ नये. वायफाय विकत मिळतं, घेऊ नकोस. तो दिवस त्यासाठीच आहे.

पैशाचं काम जहाजावर कार्डानं चालतं. खोलीची किल्ली तीच आणि पाकीटही तेच. जेवण तिकिटात धरलेलं असतं, पण दारू, मसाज, खास हॉटेलातलं जेवण, बेटावरची फेरी हे सगळं वेगळं, आणि बंदराचे कर नि बक्षिसी कधी कधी तिकिटावर वेगळी लागते. बुकिंगच्या वेळी "सगळं मिळून किती?" हे दोनदा विचार. पोरांच्या कार्डावर खर्च होणार नाही असं रिसेप्शनवर सांगून ये. कॅसिनो असतो. पाहुणे "नुसतं बघून येतो" म्हणतील. तूही सोबत जा आणि "किती वेळ?" म्हणत तिथंच उभी राहा, आपोआप बाहेर येतील.

खोली साफ करणारी पोरं टॉवेलांचे प्राणी करून ठेवतात. पलंगावर हत्ती, बदक असं काही. आमच्या हँगरला त्यांनी टॉवेलचं माकड लटकवलं होतं. जेवून आल्यावर आईनं दार उघडलं आणि ओरडली, "रामलिंगची माकडं हितंबी आली का गं?" आणि पिशवीतली केळी आधी पदराखाली. हे तिनं तुला सांगितलं नसणार, मुद्दाम लिहिलं. विचार तिला.

उन्हाला हलकं घेऊ नकोस. वाऱ्यामुळं चटका कळत नाही आणि संध्याकाळी नाक-गाल सोलून निघतात. अकरा ते तीन सावलीत. ओल्या डेकवर स्लीपर घसरते, मामंजींना चांगल्या तळव्याच्या चपला घे. आत एसी एवढा गार की शाल लागतेच.

बेटावर उतरायचं वेगळं दिव्य आहे. जहाज लांब उभं राहतं आणि लहान होड्यांतून न्यावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांना ती चढ-उतार अवघड. आत्याबाईंना उतरायचं नसेल तर जहाजावरच राहू देत, आग्रह करू नकोस. आपल्या आईनं होडीकडं एकदा बघितलं आणि "मी पोरांची कापडं वाळत घालते" म्हणाली. वाळत घालायला दोरीही नव्हती.

लक्षद्वीपला जायला आपल्या देशातल्या माणसांनाही परवाना लागतो. कंपनी तो काढून देते, पण कागद वेळेत आणि बरोबर पाहिजेत. तिकिटावर आधारकार्डावरचंच नाव हवं. मामंजींच्या आधारवर मधलं नाव चुकलंय, मागं बँकेतही अडलं होतं, आठवतंय ना? ते या सोमवारीच धाराशिवला जाऊन दुरुस्त करून घे. त्या दिवशी कुणाचं माप घेऊ नकोस.

तुझी,
अक्का